कुंपण उजव्या हाताला

डार्लीनची आणि आमची ओळख झाली ती तिने बाबांची गाडी अडवली तेव्हा. साउथ डकोटातल्या त्या रिझर्वेशनवर, म्हणजे लाकोटा या मूळ अमेरिकन जमातीच्या राखीव प्रदेशात, आम्ही नुकतेच आलो होतो. बाबा तिथल्या सरकारी इस्पितळात डॉक्टर म्हणून रुजू झाले होते आणि खडीच्या रस्त्यावरून गाडी नागपूरच्या वर्धा रोडवर चालवावी तशी चालवत होते. मागच्या सीटवर मी आणि किराणा होतो. मागून दिवा लुकलुकला, बाबा थांबले. जमातीच्या पोलीस दलाची कॅप्टन खिडकीशी वाकली. उंच, रुंद खांद्यांची बाई, वेणी टोपीखाली गुंडाळलेली.

"नवे डॉक्टर तुम्हीच का?"

"हो. पेशंट थांबलाय," बाबा म्हणाले.

"थांबेल. तो इथलाच आहे, त्याला सवय आहे. तुम्ही पोचलाच नाहीत तर मात्र त्याला फार थांबावं लागेल."

मग तिने सांगितलं की जमातीच्या बाहेरच्या माणसाला दंड करण्याचा अधिकार तिला नाही. थांबवून बोलण्याचा आहे. तो तिने पुरेपूर वापरला. खडीवर चाक कसं सरकतं, हरणं कुठल्या वळणावर आडवी येतात, गाय मेली तर मालकाला काय वाटतं, हे सगळं बाबांनी ऐकून घेतलं. त्याच संध्याकाळी दारावर थाप पडली. दारात तीच, गणवेशाशिवाय, हातात सूपचं पातेलं. ती आमच्या समोरच्याच घरात राहत होती. बाबा आणखी काही ऐकावं लागणार म्हणून उभे राहिले. ती म्हणाली, "ते कामाचं होतं. हे शेजारचं आहे." आत येऊन तिने पातेलं शेगडीवर ठेवलं, आईला ज्वाला किती ठेवायची ते दाखवलं आणि गेली.

इस्पितळाच्या आणि पोलीस दलाच्या लोकांसाठी बांधलेली ती घरं सगळी एकसारखी होती, फिकट पिवळी, बुटकी, वाऱ्याकडे पाठ करून बसल्यासारखी. वारा तिथे पाहुणा नव्हता, घरातलाच होता. खिडकीच्या फटीतून तो एका विशिष्ट सुरात वाजायचा, आणि तो सूर बदलला की आई दोरीवरचे कपडे आत आणायची. आईने फोडणी दिली की धुराची घंटा किंचाळायची. मग मी खुर्चीवर चढून टॉवेलने तिला वारा घालायचा, हे माझं रोजचं काम. कोथिंबीर खिडकीत कॉफीच्या डब्यांतून उगवायची. खोबरं मिळत नसे, कढीपत्त्याची तर गोष्टच नको. आईने वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. डार्लीनच्या बहिणीने, लोरेटाने, आणून दिलेलं रानटी सलगम तिने पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा आधी त्याचं कुळ सांगितलं आणि मग त्याची भाजी केली. रेडिओ दिवसभर चालू असे. त्यावर लाकोटात आणि इंग्रजीत वाढदिवस, दुखवटे, हरवलेले घोडे आणि रस्त्यांची स्थिती सांगत. पुढे आजोबा राहायला आले, त्यांना हे केंद्र फार आवडे. नागपूरच्या आकाशवाणीने कधी कुणाचा हरवलेला घोडा सांगितला नव्हता.

लोरेटा ही डार्लीनची थोरली बहीण. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना जेवण आणि जळाऊ लाकूड पोचवणारी एक छोटी संस्था ती चालवायची. संस्था म्हणजे एक स्वयंपाकघर, एक ट्रक आणि ती स्वतः. धाकटा भाऊ व्हर्नन माझ्या शाळेत लाकोटा भाषा शिकवायचा. पुढे तो मुख्याध्यापक झाला, पण तेव्हा नुसता शिक्षक होता, आणि बसचा चालक आला नाही की बसही चालवायचा. तिघं भावंडं एकमेकांना सतत टोचून बोलत. व्हर्नन म्हणायचा, "एक बहीण पकडते, दुसरी खाऊ घालते. मी फक्त क्रियापदं चालवतो." लोरेटा म्हणायची, "आणि तीही उशिरा." माझ्या आई-बाबांना सुरुवातीला वाटलं की यांचं आपसात पटत नाही. हे प्रेम आहे हे कळायला त्यांना एक हिवाळा लागला.

आजोबा आले ते आजी गेल्यानंतर. बाबांचे वडील, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. वर्ध्याजवळच्या खेड्यात गुरांमागे वाढले आणि नोकरी सगळी तारखात्यात गेली. त्यामुळे त्यांचं इंग्रजी तारेसारखं होतं. प्रत्येक शब्दाला पैसे पडतात अशा बेताने ते बोलत. सकाळी आंघोळ, गंध, कानटोपी, आणि मग चालणं. हवा वाईट असली की जेवणाच्या टेबलाभोवती चालत, तोंडाने स्तोत्र पुटपुटत. बाबा वैतागत. "अण्णा, गालिचा झिजतोय." आजोबा म्हणत, "गालिचा सरकारचा आहे. पाय माझे आहेत."

घरांच्या मागे, माळरानाच्या कडेला एक लहानशी टेकडी होती. तिच्या माथ्यावर एकच झाड, आणि झाडाला रंगीत कापडं बांधलेली. लोक तिथे प्रार्थनेला जात. आजोबा दोन दिवस ती खिडकीतून पाहत राहिले. मग व्हर्नन आला असताना त्यांनी त्याच्यासमोर उभं राहून विचारलं, "हिल. मॉर्निंग. आय वॉक. परमिशन?"

व्हर्ननने आधी बहिणींना विचारलं, त्यांनी आणखी कुणा वडीलधाऱ्यांना विचारलं असावं. पुढच्या आठवड्यात तो उत्तर घेऊन आला. वर जायचं नाही. कापडाला हात लावायचा नाही. पायथ्याने फिरायला हरकत नाही, सूर्य फिरतो तसं फिरायचं.

आजोबा म्हणाले, "अदर वे राँग."

हे वाक्य व्हर्नन पुढे वर्षानुवर्षं वर्गात सांगत असे. ही दिशा म्हणजे लाकोटांची पूर्वापार रीत आहे, हे आजोबांना ठाऊक नव्हतं. आणि देवळात आपण देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतो, हे व्हर्ननला ठाऊक नव्हतं. दोघांनी एकमेकांना ते समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही. गरज पडली नसावी. त्या दिवसापासून आजोबा रोज सकाळी टेकडीच्या पायथ्याने फिरू लागले आणि गालिच्याला थोडा आराम मिळाला.

इथे एक सांगायला हवं. पुढे मी आयुष्यभर वर्तमानपत्रांसाठी बातम्या लिहिल्या, आणि एकाच प्रसंगाबद्दल दोन माणसांना वेगवेगळं बसवून विचारायची सवय मला लागली. खालची हकिगत मी आईकडून, व्हर्ननकडून आणि डार्लीनकडून अशीच वेगवेगळी ऐकली आहे. जिथे त्यांचं जुळत नव्हतं तिथे तसं नमूद केलं आहे. जिथे मी स्वतः हजर होते तिथे माझ्या आठवणीवर विसंबले आहे.

तो वसंतातला शनिवार होता. बर्फ वितळून माळावर ओलं तपकिरी गवत दिसायला लागलं होतं, कुंपणाच्या खांबांवर पिवळ्या छातीचे पक्षी ओरडत होते, आणि आईने हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच मागचं दार उघडं टाकलं होतं. आजोबा सकाळीच निघाले होते, जाड कोट न घालता, स्वेटरवर. कुकरची शिटी होण्याच्या सुमाराला खिडकीतला सूर बदलला. आई कपडे आणायला गेली आणि कपडे न घेताच परत आली. म्हणाली, "समोरचं घर दिसत नाहीये." मी पाहिलं. समोर डार्लीनचं घर नव्हतं. काहीच नव्हतं. पांढरं काही तरी आडवं धावत होतं.

बाबा इस्पितळातून भिंती आणि उभ्या गाड्या चाचपत आले. ते कोट घालून बाहेर पडायच्या बेतात असतानाच डार्लीन आत आली, अंगभर बर्फ, हातात वायरलेस. तिने दार लावलं आणि त्यासमोर उभी राहिली.

"डॉक, बूट काढा."

"माझे वडील बाहेर आहेत."

"ठाऊक आहे. म्हणून मी आले. मला एक माणूस शोधायचाय. दोन नाही."

बाबा तिच्या अंगावरून जातील असं मला क्षणभर वाटलं. मग ते खाली बसले आणि बूट सोडू लागले. डार्लीनने टेबलावरची ताटं बाजूला केली आणि आमच्या टेबलाचं तिचं कार्यालय झालं. लोरेटा मागोमाग आली, तिच्याजवळ गोधड्या आणि थर्मास होते. व्हर्नन शाळेच्या आवारात होता. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ग्रेडर आणि तो चालवणारा माणूस, दोघांना तयार ठेवून तो वायरलेसवर थांबला होता.

डार्लीनने नकाशा काढला नाही. टेबलावर चमचा ठेवला. "ही टेकडी. पायथ्याला, आपल्या बाजूने, हे काटेरी तारेचं कुंपण; त्यांची वाट याच्या बाहेरून." तिने चमच्याशेजारी उलथनं ठेवलं. "अशा हवेत माणूस कुंपणाला धरतो. धरायलाच हवं, नाहीतर संपलं. प्रश्न एवढाच की कुठल्या दिशेला. पूर्वेला हे कुंपण घरांच्या मागून महामार्गाला जातं. पश्चिमेला उघड्या कुरणात. ग्रेडर एक आहे, आणि उजेड फार नाही. मला एकच बाजू धुंडाळता येईल. दुसरी उद्या."

उद्या या शब्दाचा अर्थ कुणी विचारला नाही.

बाबा म्हणाले, "पूर्वेला. घराकडे येतील ते. अण्णा शहाणे आहेत."

"घर दिसत असेल तर येतील," डार्लीन म्हणाली. "डॉक, त्यांच्याबरोबर तुम्ही शेवटचं कधी चाललात?"

त्यात टोमणा नव्हता. प्रत्येक शोधात ती घरच्यांना हाच प्रश्न विचारायची, हे मला पुढे कळलं. बाबांच्या आधी आई बोलली. ती इंग्रजीत बोलायला कचरायची. त्या दिवशी कचरली नाही.

"पश्चिम," ती म्हणाली. "ते कुंपण उजव्या हाताला ठेवतील. उजवा हात आत. नेहमी. घराकडे पाठ होईल, पण त्यांना ते दिसणार नाही."

बाबा मराठीत म्हणाले, "सुधा, ही वेळ आहे का असलं बोलायची? ते काय प्रदक्षिणा घालायला निघालेत?"

"अहो, वेळ हीच आहे. डोळ्यांना दिसेनासं झालं की माणूस पायांनीच चालतो. त्यांच्या पायांना दुसरी दिशा माहीतच नाही."

डार्लीनने विचारलं, "काय म्हणताय तुम्ही?" आई उठली आणि टेबलाभोवती चालू लागली, उजवा हात खुर्च्यांच्या पाठींवरून फिरवत. मग थांबून तिने खाली बोट दाखवलं. गालिच्यावर टेबलाच्या चारी बाजूंनी झिजलेला पट्टा होता. रोज पाहत होतो, म्हणून त्याची दिशा आम्ही कुणी पाहिलीच नव्हती. लोकर सगळी एकाच बाजूला झोपली होती, गवतातल्या पायवाटेवर झोपते तशी. डार्लीनने गुडघ्यावर बसून त्यावर हात फिरवला. एका दिशेने, मग उलट दिशेने. मग तिने वायरलेस तोंडाशी धरला.

"व्हर्नन, म्हातारबाबा टेकडीला कसे फिरतात?"

खरखरीतून आवाज आला. "आपल्यासारखेच. उलट फिरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. एकदा वाटेत डबकं आलं तर डबक्यातून गेले, पण बाजू बदलली नाही."

"मग पश्चिमेला जा. तारेला धरून. माझ्या शब्दावर."

वायरलेस खाली ठेवून ती आईला म्हणाली, "हा निर्णय माझा आहे. चुकला तर चूक माझी, तुमची नाही. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर घोळ नको." मग बाबांकडे वळली. "तुम्ही इस्पितळात जा. त्यांना आणलं की गरम हाताचा डॉक्टर लागेल." लोरेटाने दोघांच्या कमरेला एकच दोर बांधला आणि बाबांना वाहनतळ ओलांडून इस्पितळात सोडून आली.

त्यानंतरच्या वेळेबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. बाहेर वारा होता, आत कुकर गार होत होता. लोरेटाने आईच्या हातात कांदे दिले आणि स्वतः गाजरं घेतली. दोघींनी कुणी न सांगता सूप टाकलं, आजोबांसाठी म्हणून बिनमांसाचं. डार्लीन बसली नाही. वायरलेसवर ती कमी बोलत होती आणि तिचा आवाज एकदाही बदलला नाही. बातमीदार म्हणून मी पुढे अनेक पोलीस अधिकारी जवळून पाहिले. हातात काहीच नसताना शांत उभं राहणं हे त्यांच्या कामातलं सगळ्यांत अवघड काम आहे, असं माझं मत झालं आहे. ते मत त्या दुपारी तयार झालं. ग्रेडर अतिशय हळू जात होता. व्हर्नन त्याच्या पायरीवर उभा राहून एका हाताने तार चाचपत होता. तो अधूनमधून सांगे, "खांब. अजून खांब." मग बराच वेळ काहीच नाही. आई कांदा चिरायची थांबली.

मग आवाज आला, "गाई आहेत."

कुरणाच्या टोकाला गुरांसाठी वारा अडवायला उभ्या फळ्यांची भिंत घातलेली असे. सगळा कळप तिच्या आडोशाला दाटून उभा होता.

"थांब," व्हर्नन म्हणाला. आणि मग, "गाईंत एक माणूस बसलाय."

डार्लीनने विचारलं, "बसलाय की पडलाय?"

"बसलाय. एका गाईला टेकून. माझ्याशी बोलतोय."

काय बोलले, याबद्दल दोन मतं आहेत. आईच्या मते आजोबांनी रामाचं नाव घेतलं. व्हर्ननच्या मते, आणि तो जागेवर होता, ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, "फेन्स. नॉट राउंड. स्ट्रेट." टेकडीसारखं हे कुंपणही फिरून घराशी येईल असं त्यांना वाटलं होतं. ते आलं नाही, तेव्हा ते पुढे चालत राहिले आणि गुरांचा वास आला तिथे थांबले. गुरांपाशी कसं बसायचं हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

ग्रेडर त्यांना थेट इस्पितळात घेऊन गेला. वारा थोडा पडल्यावर लोरेटाने आम्हा दोघींनाही तसंच दोराला बांधून तिकडे नेलं. बाबा आजोबांचे हातमोजे काढत होते. डावा हातमोजा अखंड होता. उजव्याच्या चिंध्या झाल्या होत्या. तारेच्या काट्यांनी तळवा ओळीने फाटला होता. बाबांनी तो हात उघडून बराच वेळ धरून ठेवला. मग आईकडे पाहिलं आणि जखम धुवायला घेतली. पायाच्या करंगळीचं टोक गेलं. बाकी आजोबा जसेच्या तसे आम्हाला परत मिळाले.

उपकार फेडायचे कसे, हा आमच्या घरातला पुढचा प्रश्न होता. बाबांना पोलीस दलाला देणगी द्यायची होती. डार्लीन हसली आणि म्हणाली, "मला पगार मिळतो, डॉक. कमी आहे, पण मिळतो." आईने आपल्या पद्धतीने केलं. पेटीतली चांगली साडी काढली, नारळ नव्हता म्हणून सफरचंद घेतलं, आणि डार्लीनच्या घरी जाऊन तिची तांदळाने ओटी भरली. डार्लीनने पदरासारखा टॉवेल धरून ती मोठ्या गांभीर्याने घेतली. शेजारी बसलेली लोरेटा म्हणाली, "छान. हे हिचं झालं. लोकांचं काय?"

मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे आपलं काही चांगलं झालं की मदत करणाऱ्याला बक्षीस देऊन मोकळं व्हायचं नसतं. सगळ्यांना जेवू घालायचं, आणि ज्याचं भलं झालं त्यानेच आपल्या वस्तू वाटायच्या, जिवाभावाच्या सुद्धा. त्याला वोपिला म्हणतात, आभार. आईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आजोबा म्हणाले, "म्हणजे मावंदं, काशीहून परतल्यावर घालतात ते जेवण. यात समजावण्यासारखं काय आहे? कधी करायचं सांग."

शाळेच्या स्वयंपाकघरात आईने मसालेभात आणि शिरा केला, लोरेटाच्या बायकांनी मांसाचं सूप, तळलेली पोळी आणि रानातल्या आंबट फळांचं वोजापी, आपल्या मुरंब्यासारखं दाट. आधी म्हाताऱ्यांना वाढायचं, तरुणांनी धावायचं. आजोबा म्हातारेच, पण पाहुणे बसले असताना यजमान कसा बसणार? फडकं बांधलेल्या पायाने ते भाताचं पातेलं घेऊन रांगेतून फिरू लागले आणि नागपुरी आग्रह सुरू झाला. "वन मोअर. स्मॉल. प्लीज." लाकोटा आज्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी पिशवीतून आइस्क्रीमचे रिकामे डबे काढून पुढे धरले. तिथल्या जेवणावळीत उरलेलं घरी नेणं हा जेवणाचाच भाग आहे. आई घाबरली, अन्न संपणार म्हणून. आजोबांना वाटलं, असे पाहुणे सात जन्मांत मिळत नाहीत. एक आजी हसत म्हणाल्या, "हा म्हातारा मला वादळापेक्षा जोरात अडवतोय."

जेवणानंतर आईने पेटी उघडली. साड्या, शाली, आणि रुखवतातली स्टीलची भांडी, प्रत्येकावर तिचं माहेरचं नाव कोरलेलं. देताना तिचा हात एकदा थांबला, मी पाहिलं. मग थांबला नाही. आजोबांनी त्यांचा पूजेचा तांब्या ग्रेडर चालवणाऱ्याला दिला. तो म्हणाला, "याचं मी काय करू?" आजोबा म्हणाले, "वॉटर. ड्रिंक." शेवटी डार्लीन उभी राहिली. ती लाकोटात बोलली, व्हर्ननने आम्हाला सांगितलं: आजपासून ती डॉक्टरांना भाऊ म्हणणार, आणि भावाचं घर तिचं. मी आईला हळूच विचारलं, मग मी तिला काय म्हणू? आई म्हणाली, "आत्या. अजून काय?" त्यांच्या भाषेतही वडिलांच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, इंग्रजीसारखं सगळ्यांना एका 'आंटी'त बसवत नाहीत.

मागून कुणीतरी ओरडलं, "कॅप्टन, भावाला आता दंड करता येईल का?"

"अजूनही नाही," डार्लीन म्हणाली. "पण आता तो ऐकून घेईल."

मी सध्या तिथून फार दूर, श्रूजबरी गावात राहते, मुलीच्या घराजवळ. इथल्या मराठी मंडळात कुणाला कळलं की माझं बालपण रिझर्वेशनवर गेलं, की पहिला प्रश्न असतो, "काकू, तिकडे भीती नाही वाटायची?" प्रश्न विचारणारे चांगले लोक असतात. मी त्यांना सांगते की मला जगात सर्वांत सुरक्षित वाटलं ते तिथे. डार्लीनआत्या आता नाही. तिच्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी आज तिथे पोलीसप्रमुख आहे आणि शोधाला निघाली की घरच्यांना तोच प्रश्न विचारते. व्हर्ननच्या शाळेत लहान मुलं आता खेळतानाही लाकोटात भांडतात. लोरेटाचं स्वयंपाकघर मोठं झालंय, ट्रक तीन झाले आहेत. यांतलं काहीही आम्ही केलेलं नाही. आम्ही एवढंच केलं की पुढच्या वेळी बोलावलं तेव्हा गेलो.

ती पुढची वेळ त्याच उन्हाळ्यात आली. दुपारी फोन वाजला. डार्लीनने विनंती केली नाही, नुसतं सांगितलं: ओढ्याकाठी मासे धरायला गेलेला एक म्हातारा काल परतला नाही, लोक शाळेपाशी जमताहेत, पाणी बरोबर आणा. बाबा इस्पितळातून नुकतेच येऊन आडवे झाले होते. ते उठले आणि बूट घालू लागले. आजोबांनाही जायचं होतं; त्यांचा पाय अजून बरा नव्हता, त्यांना राहावं लागलं. ते संध्याकाळपर्यंत मागच्या पायरीवर बसून होते.

उजेड जायच्या आत बाबा परत आले. कमरेपर्यंत चिखल, चेहऱ्यावर डास चावल्याच्या गांधी. आजोबा पायरीवरून उठलेच.

"सापडला?"

"सापडला. पाय मोडला होता, दरडीखाली बसून होता. हाड बसवलं. बरा आहे."

"आता कुठे आहे?"

"घरी नेला त्याच्या. इस्पितळात राहायला तयार नाही."

"जेवला का?"

"लोरेटा गेलीय ना अण्णा, डबे घेऊन. ते सगळं ती बघते."

आजोबांचं समाधान झालं नाही. त्यांनी बाबांकडे, मग दाराकडे पाहिलं.

"ती जाईलच. मी विचारून राहिलो, आपल्याकडून कोण गेलं?"

बाबांनी एक बूट काढला होता. आतून आई आली, हातात भाताचं पातेलं, खांद्याला पर्स, आणि दोन बोटांत गाडीच्या किल्ल्या. बाबांनी बूट पुन्हा चढवला.